कंप दिसला, पोट राहून गेलं

पार्किन्सन्स या आजाराची जगाला ओळख करून देणाऱ्या निबंधात फक्त सहा रुग्ण आहेत. त्यातले दोघे डॉक्टरांना रस्त्यात भेटले आणि एक तर नुसता लांबून दिसला. म्हणजे निम्म्या रुग्णांना त्यांनी दवाखान्यात बसवून तपासलंच नव्हतं.

डॉक्टरांचं नाव जेम्स पार्किन्सन. लंडनच्या हॉक्स्टन भागात त्यांचा दवाखाना होता. निबंध १८१७ सालचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीला पेशव्यांची इंग्रजांशी लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी आमचा खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. इकडे राज्य बदलत होतं, तेव्हा तिकडे हे बासष्ट वर्षांचे डॉक्टर रस्त्याने चालणाऱ्या म्हाताऱ्यांकडे निरखून बघत होते. हात नुसता मांडीवर ठेवला तरी थरथरतो, पाठ पुढे वाकते, पावलं छोटी होत जातात आणि मधेच माणूस न थांबता पुढे पळायला लागतो. हे सगळं त्यांनी बारकाईने लिहून ठेवलं. आजाराला त्यांनी दिलेलं नाव मराठीत ‘थरथरता पक्षाघात’ असं होईल.

हा निबंध ‘थरथर’ या एका गोष्टीसाठी प्रसिद्ध झाला. पण त्यात पोटही आहे. या रुग्णांची आतडी मंद होतात, बहुतेकांना जोरदार रेचकं द्यावी लागतात, कधी कधी तर मळ हाताने काढावा लागतो, असं पार्किन्सन यांनी नोंदवलं आहे. त्याहून मोठी गोष्ट पुढे येते. आजाराचं मूळ मानेतल्या मज्जारज्जूत असावं, असा त्यांचा तर्क होता. पोट आणि आतड्यांतल्या बिघाडाचा परिणाम तिथपर्यंत पोचत असेल का, असाही प्रश्न त्यांना पडला. जोडणारा धागा मला दाखवता येत नाही, पण हे शक्य वाटतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं.

तो धागा शोधायला पुढे कोणी गंभीरपणे लागेपर्यंत जवळजवळ १८५ वर्षं गेली. एवढा उशीर का झाला, हे मला या लेखात सांगायचं आहे. माझं उत्तर साधं आहे. थरथर रस्त्यावरून दिसते, बद्धकोष्ठ दिसत नाही. जे बघणाऱ्याला दिसलं त्याचं आजाराला नाव मिळालं. जे फक्त रुग्णाला जाणवत होतं, ते त्याचं त्याच्याजवळ राहिलं.

नानांचं इसबगोल

या विषयात मी पडलो ते आमच्या नानांमुळे. नाना म्हणजे माझे आजोबा. अमळनेरात आमच्या घरी त्यांच्या उशाशी तीन वस्तू कायम असायच्या: पाण्याचा तांब्या, इसबगोलाचा डबा आणि एरंडेलाची बाटली. सकाळी कोणी ‘कसं काय नाना?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. “पोट साफ व्हत नही रे.” आम्ही पोरं हसायचो. आजी हरड्याची पूड द्यायची, शेजारचे कोणी ताक सुचवायचे, कोणी पपई. म्हाताऱ्या माणसाचं पोट, त्यात काय एवढं!

त्याच वर्षांत नानांचं नाकही हळूहळू गेलं. आजीने हिंगाची फोडणी दिली की ओट्यावर बसलेले नाना पूर्वी तिथूनच ‘आज काय डाळ का?’ म्हणायचे. ते बंद झालं. वांगी भाजल्याचा वासही येईना. भरीत मात्र खायचे, पण ‘पहिल्यासारखं लागत नही’ म्हणायचे. आजीला वाटायचं, आपल्या हाताची चव गेली.

बरीच वर्षं अशीच गेली आणि मग उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. मग जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. घरात सगळे म्हणायचे, नानांना अमुक साली पार्किन्सन्स झाला. आजही आम्ही तीच तारीख सांगतो. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं संशोधन वाचल्यावर मला वाटतं, अंगठा हलला ती आजाराची सुरुवात नसावी. कदाचित त्या दिवशी तो फक्त आम्हाला दिसला.

एका माणसावरून सिद्ध काही होत नाही, हे मला माहीत आहे. आपल्याकडे पोट साफ होत नाही म्हणणारे लाखो आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. म्हणून एका माणसाची गोष्ट बाजूला ठेवून आधी इतिहास बघू.

शब्दातला वात

मराठीत या आजाराला कंपवात म्हणतात. हा शब्द दोन तुकड्यांचा आहे. ‘कंप’ म्हणजे थरथर. ती पार्किन्सन यांच्या नावातही होती. ‘वात’ मात्र त्यांच्याकडे नाही. तो आयुर्वेदातून आला.

आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ या प्रत्येकाची शरीरात मुख्य जागा सांगितलेली आहे. वाताची मुख्य जागा मेंदू नाही, हृदय नाही. ती पक्वाशय आहे, म्हणजे ढोबळमानाने मोठं आतडं. माधवनिदानात सगळं अंग आणि डोकं थरथरण्याला ‘वेपथु’ म्हटलं आहे आणि तो वातव्याधींमध्ये घातला आहे. वातावरचा प्रमुख उपचार म्हणून बस्ती सांगितला आहे, म्हणजे गुदमार्गाने दिलेलं औषध. म्हणजे जुन्या वैद्याने हाताची थरथर बघितली तरी त्याच्या डोक्यात विचार आतड्याचा येणार.

इथे दोन उड्या मारायचा मोह होतो आणि दोन्ही टाळलेल्या बऱ्या. पहिली उडी म्हणजे ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं.’ तसं नाही. वातदोषाच्या कल्पनेत चेतापेशी नाहीत, प्रथिनं नाहीत, जंतू नाहीत. गुडघेदुखीपासून वेडापर्यंत बरंच काही त्या एका वातात बसवलेलं आहे. दुसरी उडी म्हणजे ‘हे सगळं थोतांड.’ तसंही नाही. रुग्णाजवळ बसून त्याचं खाणं, झोप आणि शौच रोज विचारणारी ती पद्धत होती. विचारलं की उत्तर मिळतं. थरथरणाऱ्या माणसाचं पोटही बिघडलेलं असतं, ही नोंद अशा विचारपुशीतून सहज झाली असेल. नोंद खरी असली म्हणून तिचं स्पष्टीकरण खरं ठरत नाही, एवढं धरून पुढे जाऊ.

लेवीने आधी कुठे पाहिलं

युरोपात आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं ते पॅरिसच्या जाँ-मार्तँ शार्को यांनी. थरथर वेगळी, अंगाचा ताठरपणा वेगळा आणि हालचालींतला मंदपणा वेगळा, हे त्यांनी नीट मांडलं. आता शोध सुरू झाला तो मेंदूत. माणूस गेला की मेंदू काढायचा, कापायचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा.

१९१२ साली जर्मनीत फ्रिडरिश लेवी यांना अशा मेंदूंच्या पेशींमध्ये गोल गोळे दिसले. आज त्यांना ‘लेवी बॉडीज’ म्हणतात आणि त्या पार्किन्सन्सची खूण मानल्या जातात. हे गोळे लेवींना ज्या जागांमध्ये दिसले, त्यातली एक जागा म्हणजे वेगस नसेचं मेंदूच्या बुडातलं ठाणं.

वेगस ही मेंदूतून निघून थेट पोटात जाणारी लांबलचक नस. लॅटिनमध्ये या नावाचा अर्थ भटका. गळा, हृदय, फुप्फुसं करत ती जठरापर्यंत आणि पुढे आतड्यांपर्यंत जाते. पोटाची हालचाल आणि पाचकरस यांवर तिचा ताबा असतो आणि पोटातल्या बातम्याही तीच वर नेते. पार्किन्सन यांना न सापडलेला धागा कदाचित हाच होता आणि त्याच्या वरच्या टोकाशी आजाराची खूण १९१२ सालीच दिसली होती.

पण १९१९ मध्ये कॉन्स्टंटिन त्रेत्याकॉफ यांनी दाखवलं की या रुग्णांच्या मेंदूतला ‘सब्स्टन्शिया नायग्रा’ नावाचा काळसर भाग झिजलेला असतो. हा शोध बरोबर होता आणि मोठाही होता. हालचाल का बिघडते, हे त्यातून कळलं. मग सगळ्यांचं लक्ष त्या काळ्या भागाकडे गेलं आणि वेगसचं ठाणं तळटीपेत राहिलं.

या दोन शोधांच्या मधे, १९१६ साली, श्रीमंत प्रतापशेठ यांच्या पुढाकाराने अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. देह आणि मन यांचं नातं काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. तो आमच्या गावात बोरी नदीच्या काठी चर्चेला होता, तेव्हा युरोपातल्या प्रयोगशाळांनी आपल्यापुरतं उत्तर ठरवूनही टाकलं होतं: वर मेंदू मालक, खाली शरीर नोकर. मालकाच्या आजाराचं कारण नोकराच्या खोलीत कोण शोधणार?

मुंबईमार्गे डोपामिन

यानंतरच्या गोष्टीत मुंबई आहे आणि एक ओळखीची वनस्पती आहे. सर्पगंधा.

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेड, निद्रानाश आणि सर्पदंश यांवर जुन्या काळापासून वापरात होती. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना देऊन बघितली आणि १९४९ साली त्याचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, रेसर्पिन.

रेसर्पिन जास्त दिलं की काही रुग्ण मंद व्हायचे, ताठरायचे, थरथरायचे. अगदी पार्किन्सन्ससारखे. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे मलूल पडून राहिले. मग त्यांना एल-डोपा टोचलं आणि ससे उठून हालचाल करायला लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होतं. डोपामिन हे मेंदूतलं स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे, हे त्यांच्या कामातून पुढे आलं आणि त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचं दाखवलं. पुढच्या वर्षी रुग्णांना एल-डोपा टोचून पाहिलं, तर खिळलेली माणसं काही काळ उठून चालली. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियस यांनी ते तोंडाने, वाढत्या मात्रेत देण्याची रीत बसवली. नाना घ्यायचे त्या गोळीचा जन्म हा असा.

या यशामुळे एक समीकरण घट्ट झालं: पार्किन्सन्स म्हणजे मेंदूत डोपामिनचा तुटवडा. समीकरण चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. तुटवडा होतो हे कळलं, पण तो कुठून सुरू होतो हा प्रश्न मागे पडला.

गंमत म्हणजे खुद्द गोळीलाच पोट चुकवता येत नाही. एल-डोपा जठरातून पुढे सरकून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. या आजारात जठर मंद झालेलं असलं की गोळी तिथेच पडून राहते आणि रुग्ण वाट बघत बसतो, अजून हात सुटत का नाही म्हणून. जेवणात प्रथिनं जास्त असली तर शोषणाच्या दारावर त्यांची आणि एल-डोपाची गर्दी होते. म्हणून डॉक्टर अनेकदा गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवायला सांगतात. २०१९ मध्ये तर असंही दिसलं की आतड्यातले काही जंतू, मुख्यतः एन्टेरोकॉकस फीकॅलिस, मेंदूत पोचायच्या आधीच एल-डोपा मोडून टाकू शकतात.

खाजकुइलीचंही इथेच सांगून टाकतो, कारण व्हॉट्सॲपवर ती दर महिन्याला येते. शेंगेवरची कुसळं लागली की अंगाची आग करणारी ती रानवेल. तिच्या बियांमध्ये एल-डोपा असतं, हे १९३७ साली मद्रासच्या संशोधकांनी दाखवलं. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांवर तिचा वापर ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त नोंदवला आणि १९९५ मध्ये तिच्या बियांपासून केलेल्या पुडीची साठ रुग्णांवर बारा आठवड्यांची चाचणी छापून आली. म्हणजे हे काम खरं आहे. पण म्हणूनच ती पूड आपल्या मनाने घेऊ नये. ती खरंच औषध आहे, प्रत्येक बीमध्ये मात्रा सारखी नसते, आणि आधीच एल-डोपा घेणाऱ्या माणसाला वर ती दिली तर मात्रा दुप्पट होऊ शकते.

२००३: उलट दिशेचा नकाशा

१९९७ मध्ये एक मोठी कडी सापडली. अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेल्या इटालियन वंशाच्या एका कुटुंबात पार्किन्सन्स पिढ्यान्‌पिढ्या येत होता. त्याच वर्षी असंही कळलं की लेवी बॉडीज मुख्यतः याच प्रथिनाच्या गुठळ्या आहेत. आता त्या प्रथिनाला नेमका रंग देऊन ते शरीरात कुठे कुठे साचतं हे बघता यायला लागलं.

जर्मनीतले शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक यांनी नेमकं तेच केलं. त्यांनी आजाराच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मृत्यू पावलेल्या लोकांचे मेंदू पाहिले. त्यात असेही होते ज्यांना हयातीत थरथर कधी झालीच नव्हती, पण गुठळ्या साचायला लागल्या होत्या. २००३ साली त्यांनी सहा टप्प्यांचा नकाशा मांडला. गुठळ्या सुरुवातीला मेंदूच्या काळ्या भागात नसतात. पहिल्या टप्प्यात त्या दोन जागी दिसतात. एक, वासाशी संबंधित भागात. दोन, वेगस नसेच्या ठाण्यात. काळ्या भागात त्या पोचतात तिसऱ्या टप्प्यात.

म्हणजे लेवींनी ९१ वर्षांपूर्वी पाहिलेलं तेच ठाणं. आणि नाक व पोट या दोन जागा एकत्र आल्यामुळे ब्राक यांनी तर्क केला की आजार घडवणारं काहीतरी बाहेरून, नाकातून आणि गिळल्यावर पोटातून, शरीरात शिरत असावं आणि नसांच्या वाटेने वर चढत असावं. आतड्यांच्या भिंतीत स्वतःचं चेतापेशींचं जाळं असतं, कोट्यवधी पेशींचं. तिथे लेवी बॉडीज असल्याचं १९८० च्या दशकातच काही संशोधकांनी दाखवलं होतं. त्या सुट्या नोंदींना आता नकाशात जागा मिळाली.

आधीच्या एका पाहणीलाही यामुळे अर्थ आला. हवाईमधल्या होनोलुलू हार्ट प्रोग्रॅममध्ये ६,७९० पुरुषांना शौचाला किती वेळा होतं हे विचारून ठेवलं होतं आणि मग २४ वर्षं त्यांची माहिती ठेवली. २००१ मध्ये निष्कर्ष आला. रोज एकदाही शौचाला न होणाऱ्यांमध्ये पार्किन्सन्सचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या २.७ पट होतं. हा आकडा वाचून घाबरू नका. त्या ६,७९० जणांपैकी आजार झाला ९६ जणांना. आणि सगळ्यात जास्त धोक्याच्या गटातही तो वर्षाला दहा हजारांत १९ च्या आसपास होता.

कापलेली नस

तर्क तपासायचा कसा? आजार वेगस नसेवरून वर चढत असेल, तर ती कापलेल्या माणसांना तो कमी व्हायला हवा. आता माणसांच्या नसा प्रयोगासाठी कोणी कापणार नाही. पण त्या आधीच कापलेल्या होत्या. पोटातल्या अल्सरवर आजच्यासारख्या गोळ्या येण्यापूर्वी आम्ल कमी करण्यासाठी वेगस नस कापण्याची शस्त्रक्रिया जगभर केली जायची. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाच्या दवाखान्याच्या नोंदी अनेक दशकं नीट ठेवलेल्या आहेत. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवरून दिसलं की नसेचं मुख्य खोड कापलेल्यांमध्ये वीस वर्षांनंतर पार्किन्सन्सचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. २०१७ मध्ये स्वीडनमध्ये, शस्त्रक्रियेला पाचपेक्षा जास्त वर्षं झालेल्यांमध्ये ते सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. नसेच्या फक्त फांद्या कापलेल्यांना असा फायदा दिसला नाही.

पण डेन्मार्कच्याच नोंदी दुसऱ्या गटाने तपासल्या, तेव्हा फरक ठामपणे सांगण्याइतका भरला नाही. म्हणून हा पुरावा जमेचा आहे, शेवटचा नाही.

मग उंदीर आले. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेकमध्ये सार्किस मझमानियन यांच्या गटाने अल्फा-सिन्युक्लिन जास्त बनवणारे उंदीर पूर्ण जंतूमुक्त वातावरणात वाढवले. त्यांच्यात आजाराची लक्षणं कमी होती. त्यांच्या पोटात जंतू सोडल्यावर लक्षणं वाढली, आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या विष्ठेतले जंतू सोडले तर निरोगी माणसांच्या जंतूंपेक्षा जास्त वाढली. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये उंदरांच्या जठराजवळच्या भागात बिघडलेलं सिन्युक्लिन टोचलं. ते काही महिन्यांत वेगसच्या वाटेने मेंदूत चढलं. ज्यांची वेगस कापली होती, त्यांच्यात चढलं नाही.

भाकरी आणि फवारणी

या सगळ्यात आपण कुठे?

२०१५ मध्ये हेलसिंकीला ७२ रुग्ण आणि ७२ निरोगी माणसं यांच्या विष्ठेतल्या जंतूंची तुलना झाली. रुग्णांमध्ये प्रिव्होटेला कुळातले जंतू बरेच कमी होते. हे जंतू धान्य आणि भाजीपाल्यातल्या चोथ्यावर जगतात. भारतीयांच्या आतड्यांत ते भरपूर सापडतात, हे इथल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, सोबत भरीत आणि कांदा, हे जेवण त्यांच्या आवडीचं म्हणायला हरकत नाही. पण ‘भाकरी खा, पार्किन्सन्स टाळा’ असा फॉरवर्ड कृपया करू नका. जंतू कमी झाल्यामुळे आजार होतो, की आजाराने आतडी मंद झाल्यामुळे जंतू बदलतात, हे त्या तुलनेतून कळत नाही. नाना जन्मभर भाकरीच खात आले होते.

मला जास्त काळजी दुसऱ्या दाराची वाटते. बाहेरून नाकातोंडावाटे शिरणारं ‘काहीतरी’ काय असेल, यात कीटकनाशकं आणि तणनाशकं संशयितांच्या यादीत वर आहेत. अमेरिकेत शेतीतली फवारणी करणाऱ्यांच्या २०११ च्या पाहणीत पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांमध्ये पार्किन्सन्सचं प्रमाण सुमारे अडीच पट आढळलं. युरोपीय संघात पॅराक्वाटवर २००७ पासून बंदी आहे. भारतात ते तणनाशक म्हणून विकलं जातं. तोंडाला रुमालही न बांधता कपाशीवर पंप मारणारे आणि त्याच हाताने बांधावर भाकरी खाणारे लोक तुमच्या ओळखीत असतील, माझ्या तर घरात आहेत. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली, तेव्हा बातमी झाली, कारण ते मरण लगेच दिसलं. हळूहळू होणाऱ्या नुकसानीची बातमी होत नाही. मास्क, हातमोजे आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं, यासाठी मात्र शास्त्रज्ञांचं एकमत होईपर्यंत थांबायची गरज नाही.

न ठरलेलं आणि विकलं जाणारं

ब्राक यांचा नकाशा सगळ्यांना लागू पडत नाही. काही रुग्णांच्या मेंदूत गुठळ्या भरपूर असतात आणि वेगसचं ठाणं स्वच्छ असतं. डेन्मार्कचे पेर बोर्गहामर यांनी म्हणून अलीकडे दोन वाटा मांडल्या. काहींमध्ये आजार शरीरातून सुरू होऊन वर जातो, काहींमध्ये मेंदूतून सुरू होऊन खाली येतो. पहिल्या वाटेच्या लोकांना बद्धकोष्ठ आधी येतं, आणि झोपेतली ती विशिष्ट तक्रारही, ज्यात माणूस स्वप्नात ओरडतो, लाथा मारतो. निरोगी माणसाचे जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या छोट्या चाचण्याही झाल्या. २०२४ मध्ये बेल्जियममधल्या चाचणीत थोडा फायदा दिसला, फिनलंडमधल्या चाचणीत दिसला नाही.

शास्त्र इथवर आलं आहे. बाजार मात्र केव्हाच पुढे गेला. ‘आतडी स्वच्छ करा, कंपवात घालवा’ असे व्हिडिओ, पावडरी आणि सात दिवसांचे कोर्स मोबाइलवर रोज दिसतात. यातल्या कशानेही पार्किन्सन्स बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. पोट साफ ठेवल्याने रुग्णाला आराम पडतो, गोळी नीट लागू पडायलाही मदत होते. पण त्यासाठी चालू गोळी बंद करणं धोक्याचं आहे. एल-डोपा अचानक थांबवलं तर माणूस ताठरून जिवावर बेतू शकतं.

मग या इतिहासाचा उपयोग काय? मला वाटतं, प्रश्न विचारण्यासाठी. घरातल्या वयस्कर माणसाला आपण ‘हात का हलतो?’ असं विचारतो. त्याच्या आधीचे तीन प्रश्न आपण विचारत नाही: पोट साफ होतं का, वास येतो का, झोपेत ओरडता का. एकट्या बद्धकोष्ठाचा काही अर्थ काढू नका. पण तिन्हींची उत्तरं एकत्र जमायला लागली आणि चालण्यात मंदपणा दिसला, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जा आणि ही उत्तरं आपणहून सांगा. निदान झालेलं असेल तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. तिथली माणसं हे सगळं जवळून जाणतात.

११ एप्रिल हा पार्किन्सन यांचा जन्मदिवस जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. त्यांनी निबंधाच्या सुरुवातीलाच कबूल केलं होतं की इथे प्रयोगाच्या जागी अंदाज आहे, कारण मृत्यूनंतर शरीर तपासायची संधी मिळाली नाही. पुढच्यांनी ती तपासणी करावी, असं त्यांना वाटत होतं. पुढच्यांनी केली, पण बहुतेकांनी मेंदू काढला आणि बाकीचं शरीर तसंच ठेवलं. थरथरणाऱ्या अंगठ्यापर्यंत पोचायला आम्हालाही वर्षं लागली. पोटाचं मात्र नाना रोज सकाळी सांगत होते.